गोड्या पाण्यातले शिंपले आणि त्यांचे यजमान मासे: नदी सुधारण्याच्या कामात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नदी सुधारण्याच्या कामात शिंपल्यांचा विषय निघाला की ठरावीक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. तेच इथे एकत्र केले आहेत. कोणतंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. दुसऱ्या उत्तराचा आधार लागतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. नदीतले शिंपले आणि समुद्रातले शिंपले एकाच जातीचे का?

नाही. इथे ज्यांच्याबद्दल लिहिलं आहे ते युनिओनिडा या गणातले. जगात त्यांच्या सुमारे ९०० प्रजाती आहेत, एकट्या उत्तर अमेरिकेत सुमारे ३००. मोत्यांच्या शेतीत वापरला जाणारा लॅमेलिडेन्स मार्जिनालिस हाही याच गणातला. समुद्रातल्या बहुतेक शिंपल्यांच्या अळ्या पाण्यात मोकळ्या तरंगत वाढतात. नदीत असं तरंगणं म्हणजे वाहून जाणं. म्हणून युनिओनिडा गणातल्या बहुसंख्य शिंपल्यांच्या अळ्यांना काही काळ माशाच्या अंगावर राहावं लागतं. असा मासा म्हणजे त्यांचा यजमान. त्यांना वाचवणं अवघड होतं ते या एका गरजेमुळे.

२. माशाच्या अंगावर राहून अळ्या काय करतात?

मादी आपल्या कल्ल्यांत अंडी उबवते आणि ‘ग्लोकिडियम’ नावाच्या बारीक अळ्या पाण्यात सोडते, एका हंगामात कित्येकदा लाखोंनी. अळी माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिमटा काढल्यासारखी धरते आणि माशाची त्वचा तिच्याभोवती वाढून तिला झाकून टाकते. या आवरणात तिचं रूपांतर होतं आणि तयार झालेलं पिल्लू गळून तळाशी पडतं. बऱ्याच प्रजातींत हे दोन ते चार आठवड्यांत उरकतं. युरोपातल्या मोत्यांच्या शिंपल्याच्या, म्हणजे मार्गारिटिफेरा मार्गारिटिफेराच्या, अळ्या मात्र सबंध हिवाळा माशाच्या कल्ल्यात काढतात. मासा न मिळालेली अळी काही तासांत, फार तर काही दिवसांत मरते. अळ्यांपैकी जवळजवळ सगळ्यांच्या नशिबी हेच येतं.

१७९७ मध्ये या अळ्यांचं वर्णन झालं तेव्हा त्यांना शिंपल्यांना छळणारे परजीवी समजलं गेलं होतं. त्या शिंपल्याचीच पिल्लं आहेत हे कळायला बराच काळ जावा लागला.

मासा अळीला आणखी एक गोष्ट देतो, ती म्हणजे प्रवाहाविरुद्धचा प्रवास. शिंपला स्वतः काही मीटर सरकतो, पुराच्या पाण्यात खाली वाहत जातो, पण नदीच्या वरच्या अंगाला त्याची पुढची पिढी पोचते ती माशामुळेच.

३. यात माशाला इजा होते का?

सर्वसाधारणपणे नाही. नैसर्गिक नदीत एका माशावर अळ्या मोजक्या असतात आणि निरोगी मासा त्या सहज सोसतो. टाकीत मात्र माशांवर जास्त अळ्या चढवल्या तर कल्ल्यांवर ताण येऊन मासे दगावू शकतात, त्यामुळे तिथे मात्रा जपूनच ठेवतात.

४. कुठलाही मासा चालतो का?

चालत नाही. काही शिंपल्यांना अनेक प्रकारचे मासे चालतात, काहींना दोन-तीनच. मार्गारिटिफेरा मार्गारिटिफेराच्या अळ्या युरोपात अटलांटिक सामन आणि तपकिरी ट्राउट या दोनच माशांवर नीट वाढतात. इंद्रधनुषी ट्राउट याच कुळातला, पण त्याच्यावर त्या टिकत नाहीत. उत्तर युरोपात तर एका नदीतल्या शिंपल्यांना सामन लागतो आणि दुसरीकडच्यांना ट्राउट. त्यामुळे पुस्तकातली यजमानांची यादी बघून काम सुरू करू नका. आपल्याच नदीतल्या शिंपल्याच्या अळ्या आपल्याच नदीतल्या माशांवर लावून पाहिल्याशिवाय खात्री होत नाही.

योग्य मासाही कायम योग्य राहत नाही. एकदा-दोनदा अळ्या चढलेल्या माशाच्या अंगात प्रतिकारशक्ती तयार होते आणि पुढच्या वेळी तो त्यांना झटकून टाकतो. म्हणून खरा उपयोग लहान, नव्या माशांचा. नदीत दरवर्षी माशांची नवी पिढी जन्मत नसेल तर मोठे मासे दिसत असूनही शिंपल्यांचं चक्र अडतं.

५. जागेवर बसलेला, डोळे नसलेला शिंपला माशाला गाठतो कसा?

काही प्रजाती अळ्या नुसत्या पाण्यात सोडतात आणि संख्येवर भिस्त ठेवतात. बाकीच्यांच्या युक्त्या थक्क करणाऱ्या आहेत. लॅम्पसिलिस वंशातल्या मादीच्या अंगाची कडा छोट्या माशासारखी दिसते. तिच्यावर डोळ्यासारखा ठिपका असतो, शेपूट असते, ती हलतेसुद्धा. बास मासा तिच्यावर झडप घालतो आणि त्याच्या तोंडात अळ्यांचा लोट जातो. टायकोब्रँकस वंशातले शिंपले अळ्यांच्या छोट्या पुड्या सोडतात, त्या किड्याच्या अळीसारख्या किंवा माशाच्या पिल्लासारख्या दिसतात. एपिओब्लाझ्मा ट्रायक्वेट्राची मादी तर पुढे जाऊन तोंडाने दगड उलटत फिरणाऱ्या लॉगपर्च माशाचं डोकंच आपल्या शिंपांत पकडते, कल्ल्यांत अळ्या सोडते आणि मग त्याला मोकळं करते.

कामाच्या दृष्टीने यातला अर्थ सरळ आहे. आमिष दिसायला पाणी पुरेसं नितळ हवं. सतत गढूळ राहणाऱ्या नदीत मासा आहे, शिंपला आहे, तरी त्यांची गाठ पडत नाही.

६. आमच्या नदीत शिंपले भरपूर दिसतात. मग नदी ठीक आहे असं समजायचं ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि सगळ्यात जास्त गैरसमज याच ठिकाणी असतो. आधी ते किती मोठे आहेत ते बघा. मार्गारिटिफेरा मार्गारिटिफेरा शंभर वर्षांहून अधिक जगतो. पन्नास वर्षांपूर्वी नदी बिघडली असली तरी त्याआधी जन्मलेले प्रौढ आजही तळाशी शांतपणे पाणी गाळत बसलेले असतात. युरोपातल्या कित्येक नद्यांत अगदी हेच झालं आहे. शिंपले हजारोंनी आहेत आणि त्यांत एकही पिल्लू नाही. वरून भरलेली दिसणारी अशी वस्ती आतून संपत चाललेली असते.

म्हणून पाहणीत नुसती संख्या नको, वयाची उतरंड हवी. पिल्लं तळाच्या खडीत दडलेली असतात, वरून पाहणाऱ्याला ती सापडतच नाहीत. ठरावीक चौकटीतली वाळू-खडी उपसून चाळावी लागते. हे चाळणं पिल्लांना त्रासाचंच आहे, त्यामुळे ते जाणकारांनी, परवानगीने आणि मोजक्याच जागी करावं. वय कवचावरच्या वाढीच्या रेघांवरून काढता येतं. पाण्यातल्या डीएनएची तपासणी हल्ली सोपी झाली आहे. तिच्यावरून शिंपला आहे की नाही याचा अंदाज येतो, पिल्लं आहेत की नाहीत हे कळत नाही.

७. पिल्लं जगत का नाहीत?

माशावरून गळलेलं पिल्लू अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं असतं. ते तळाच्या खडीत शिरतं आणि वर येण्याआधी बराच काळ तिथेच राहतं. मार्गारिटिफेरा मार्गारिटिफेराच्या बाबतीत ही सुमारे पाच वर्षं आहेत. तेवढा काळ खडीच्या फटींतून प्राणवायू असलेलं पाणी खेळतं राहायला हवं. शेतातून, खोदकामातून, ढासळत्या काठांवरून आलेला बारीक गाळ या फटी बुजवतो. वर पाणी खळाळत असतं आणि पाच सेंटिमीटर खाली प्राणवायू संपलेला असतो. प्रौढ शिंपला वरच्या पाण्यातून श्वास घेतो, त्याला काही होत नाही. पिल्लू मात्र गुदमरतं.

नदीचं आरोग्य तपासताना सगळेजण वाहत्या पाण्याचा नमुना घेतात. शिंपल्यांसाठी काम करायचं तर खडीच्या आतल्या पाण्याचाही घ्यावा. वरचं आणि आतलं पाणी यांत फरक जितका कमी, तितकी पिल्लांना आशा.

८. मग तळाशी नवी, धुतलेली खडी टाकली तर?

गाळ येण्याचा रस्ता बंद केलेला नसेल तर पुढच्या एक-दोन पुरांत ती खडीही बुजते. जुनी खडी हलवून धुण्याचंही तसंच. शिवाय त्यातून उडालेला गाळ खालच्या वस्तीवर जाऊन बसतो. वरच्या धरणात खडी अडकून राहिल्यामुळे खालचं पात्र उघडं पडलं असेल तिथे खडी टाकण्याला अर्थ आहे. पण आधी गाळ, मग खडी, हा क्रम मोडू नये. (गाळाबद्दल ९.)

९. गाळ अडवायचा तो कुठे?

नदीत पोचण्याआधीच. जर्मनीतल्या लोअर सॅक्सनी राज्यातली लुटर नदी हे याचं पाहण्यासारखं उदाहरण. तिथे काठच्या जमिनी संरक्षणासाठी घेतल्या, शेतातले चर जिथे नदीला मिळतात तिथे वाळू-गाळ अडवणारे खड्डे केले, काठांना पुन्हा झाडी येऊ दिली. मोत्यांच्या शिंपल्यांची पिल्लं तिथे पुन्हा दिसू लागली. शिंपले बाहेरून आणून टाकण्याची गरज पडली नाही.

काठची झाडी एकाच वेळी बरीच कामं करते. मुळं काठ धरून ठेवतात, सावलीने पाणी थंड राहतं, पडणाऱ्या पानांच्या कुजण्यातून तळाशी खाणं मिळतं, पाण्यात शिरलेल्या मुळांच्या आणि मोठ्या दगडांच्या आडोशाला पुरातही तळ हलत नाही. गुरांना नदीत उतरायला ठरावीक जागा ठेवून बाकी काठ राखला तरी फरक पडतो. चरांतले खड्डे मात्र वेळच्या वेळी उपसावे लागतात. भरलेला खड्डा पहिल्याच मोठ्या पावसात सगळा गाळ एकदम सोडून देतो. त्या उपशाचा खर्च आणि जबाबदारी सुरुवातीलाच ठरवून ठेवा, कारण अशी कामं बंद पडतात ती बहुधा याच ठिकाणी.

१०. पाणी नितळ आहे, मासेही आहेत. तरी शिंपले का नाहीत?

नितळ पाण्यातही अमोनिया आणि तांबं असू शकतं. या दोन्ही विषांपुढे शिंपल्यांच्या अळ्या आणि पिल्लं बऱ्याच माशांपेक्षा नाजूक असतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१३ मध्ये अमोनियाची शिफारस केलेली मर्यादा शिंपल्यांचा विचार करून कडक केली: पीएच ७ आणि २० अंश सेल्सिअस असताना दीर्घकाळासाठी लिटरमागे १.९ मिलिग्रॅम. पीएच आणि तापमान वाढलं की हीच मर्यादा आणखी खाली येते. प्रक्रिया केलेलं सांडपाणी, खतांचा निचरा, गुरांच्या गोठ्यातलं पाणी हे अमोनियाचे नेहमीचे स्रोत.

नदी आता सुधारलेली असेल आणि पूर्वीच्या प्रदूषणाने वस्ती संपलेली असेल, तर शिंपले आपोआप परत येण्याची वाट पाहून उपयोग नाही. जवळपास वस्ती आणि तिथून मोकळेपणाने फिरणारा मासा, दोन्ही असतील तरच ते येतील.

११. दुसऱ्या नदीतून शिंपले आणून सोडले तर?

घाई करू नका. पिल्लं का जगत नाहीत हे शोधल्याशिवाय प्रौढ आणून सोडणं म्हणजे म्हाताऱ्यांची वस्ती एका जागेवरून दुसरीकडे हलवणं. मिसिसिपी नदीकाठी बटणांच्या कारखान्यांसाठी शिंपल्यांचा अफाट उपसा झाला, तेव्हा २० व्या शतकाच्या सुरुवातीला फेअरपोर्ट इथल्या सरकारी केंद्राने माशांना अळ्या लावून ते नदीत सोडण्याचं काम मोठ्या प्रमाणावर केलं. नदीतला गाळ आणि घाण वाढतच गेली आणि १९३० च्या दशकात ते काम थांबलं.

वेगळ्या खोऱ्यातले शिंपले आणले तर रोग, नको असलेले जीव आणि वेगळा जनुकीय वारसाही बरोबर येतो. बहुतेक देशांत यासाठी परवानगी लागते. आधी त्याच नदीतला, मग त्याच खोऱ्यातला साठा बघावा.

१२. पिल्लं टाकीत वाढवतात ती कशी?

कल्ल्यांत अळ्या असलेली मादी काही दिवस आणतात, पूर्वी कधी अळ्या न चढलेल्या माशांना त्या अळ्यांच्या पाण्यात थोडा वेळ ठेवतात, आणि मग टाकीच्या तळातून गळलेली पिल्लं गाळून घेतात. मादी पुन्हा तिच्या जागी ठेवली जाते. काही प्रजातींच्या अळ्या मासा न वापरता, प्राण्यांच्या रक्तद्रवाच्या माध्यमातही वाढवता आल्या आहेत. खरी कसोटी पुढे असते. टाकीत पहिले काही महिने काढणं पिल्लांना फार जड जातं. नंतर जाळीच्या पेट्यांत किंवा काँक्रीटच्या छोट्या घुमटांत त्यांना नदीत ठेवतात.

याचा एक उपयोग कमी लोकांच्या लक्षात येतो. अशी थोडी पिल्लं आधी पेटीत ठेवून पाहिली की नदीचा कुठला तुकडा जगण्याजोगा आहे ते एका वर्षात कळतं. पण वाहत्या पाण्यातल्या पेटीत पिल्लू जगलं म्हणजे खडीतही जगेल असं नाही. (७ पाहा.)

१३. यजमान माशाचं बीज सोडलं की प्रश्न सुटेल ना?

क्वचितच. मासे कमी का आहेत हे आधी पाहा. अंडी घालायला खडीची जागा नाही, की वाट अडली आहे, की पाणी तापतं? माशालाही तीच स्वच्छ खडी लागत असेल, सामन आणि ट्राउटला लागते, तर ९ मधली कामं दोघांच्याही उपयोगाची. शिकारीच्या हौसेसाठी बाहेरचे मासे सोडले जात असतील तर ते आधी थांबवा. ते जागा आणि खाणं बळकावतात आणि अळ्यांसाठी निरुपयोगी ठरतात. खात्रीच्या स्थानिक माशांना अळ्या लावून सोडणं हा अगदी विरळ झालेल्या वस्तीसाठी तात्पुरता आधार म्हणून ठीक आहे.

१४. धरण किंवा बंधारा काढल्याने शिंपल्यांना काय मिळतं?

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे माशाची वाट. मिसिसिपीवर केओकुक इथलं धरण १९१३ मध्ये पूर्ण झालं आणि स्किपजॅक हेरिंग वर जाईनासा झाला. त्याच माशावर अवलंबून असलेला एबनीशेल हा एकेकाळी भरपूर असलेला शिंपला वरच्या भागात संपत गेला. अमेरिकेतल्याच सस्क्वेहाना नदीवर १९२८ च्या कोनोविंगो धरणाने ईल (सापासारखे लांब मासे) अडवले. ईल हा इलिप्टिओ कॉम्प्लनाटा या शिंपल्याचा महत्त्वाचा यजमान. तिथे धरण हलवता येत नव्हतं, म्हणून खाली पकडलेले ईल वरच्या उपनद्यांत नेऊन सोडण्यात आले.

मत्स्यशिडी, म्हणजे माशांना धरण ओलांडून वर जाता यावं म्हणून केलेली वाट, बांधायची तर ती तुमच्या यजमान माशाला चढता येते का ते बघा. उड्या मारणाऱ्या सामनसाठी बांधलेली शिडी तळाशी राहणाऱ्या छोट्या माशाच्या काहीच कामाची नसते.

१५. पण आमच्याकडे शिंपले जुन्या बंधाऱ्याच्या खालीच जास्त आहेत. तो काढला तर?

ही निरीक्षणातली चूक नाही. छोट्या, जुन्या बंधाऱ्यांच्या लगेच खाली शिंपले जास्त आणि जोमदार असल्याचं अमेरिकेतल्या अलाबामामध्येही दिसलं आहे. वरच्या साठ्यातून मिळणारं खाणं आणि स्थिर तळ ही त्याची संभाव्य कारणं. अशा ठिकाणी बंधारा काढताना साठलेला गाळ एकदम सुटला तर खालची सगळी वस्ती गाडली जाते, आणि वरचा साठा ओसरताना तिथले शिंपले उघडे पडून मरतात.

म्हणून काढायचाच नाही असं नाही, पण आधी दोन्ही बाजूंची पाहणी, गाळाची तपासणी, पातळी सावकाश उतरवणं, आणि उघडे पडणारे शिंपले उचलायला माणसं तयार ठेवणं, एवढं तरी व्हायलाच हवं. बंधारा ढासळायला आला असेल तर वाट बघत बसण्यातही धोका आहे. तो कधीतरी आपणहून फुटेल आणि तेव्हा तयारी नसेल.

१६. मोठं धरण काढणं शक्यच नाही. मग काहीच करता येणार नाही?

करता येतं. वीजनिर्मितीसाठी पाणी झटकन सोडणं आणि झटकन तोडणं यात शिंपले कोरडे पडतात, ते माशासारखे पळू शकत नाहीत. पाणी टप्प्याटप्प्याने कमी करण्याचा नियम लावता येतो. खोल साठ्याच्या तळातून सोडलेलं थंडगार पाणी शिंपल्यांचा प्रजननाचा हंगाम बिघडवतं. त्यावर वेगवेगळ्या पातळीवरून पाणी सोडण्याची सोय हा उपाय आहे. दुष्काळात किमान प्रवाह ठरवून सोडणं हे त्याहूनही तातडीचं.

१७. झेब्रा शिंपले आले तर नदीतल्या शिंपल्यांचं काय होतं?

झेब्रा शिंपल्याला मासा लागत नाही, त्याच्या अळ्या मोकळ्या तरंगतात आणि तो कुठल्याही कठीण पृष्ठभागावर चिकटतो, मूळच्या शिंपल्यांच्या कवचावरसुद्धा. अंगावर थर चढलेल्या शिंपल्याला उघडणं, खाणं, हलणं कठीण होतं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस उत्तर अमेरिकेच्या ग्रेट लेक्समध्ये ते पसरले आणि कित्येक ठिकाणच्या मूळ वस्त्या कोलमडल्या. एकदा पसरल्यावर नदीतून ते काढता येत नाहीत. होड्या, बूट, जाळी, बादल्या दुसऱ्या पाण्यात नेण्याआधी धुऊन पूर्ण वाळवणं हाच उपाय.

१८. शिंपले पाणी गाळतात, तर घाण पाणी शुद्ध करायला ते सोडावेत का?

नको. मोठा शिंपला दिवसाला कित्येक लिटर पाणी गाळतो आणि दाट वस्ती नदीचं पाणी खरोखर सुधारते, पण ती वस्ती चांगल्या नदीतच उभी राहते. अमोनियाने भरलेल्या पाण्यात सोडलेले शिंपले मरतात (१०), आणि सडून पाणी आणखी बिघडवतात.

१९. शिंपल्यांवर अवलंबून असलेले मासेही आहेत का?

आहेत. बिटरलिंग माशाची मादी लांब नळीने जिवंत शिंपल्याच्या आत अंडी घालते आणि पिल्लं तिथेच, कल्ल्यांच्या आडोशाला वाढतात. म्हणजे बिटरलिंगला शिंपला हवा, आणि त्या शिंपल्याला दुसराच कुठला तरी मासा हवा. बिटरलिंग वाचवायचा असेल तर त्या दुसऱ्या माशाचाही विचार करावा लागतो.

२०. एकदम खूप मेलेले शिंपले दिसले. काय करावं?

त्याच दिवशी मत्स्य किंवा प्रदूषण खात्याला कळवा. जागा, वेळ, पाण्याचा रंग-वास, मासेही मेले आहेत का, हे टिपून ठेवा आणि फोटो काढा. कवचात मांस आहे की नुसती रिकामी कवचं आहेत हे फार महत्त्वाचं, कारण रिकामी कवचं वर्षानुवर्षं पडून राहतात. १९९८ मध्ये अमेरिकेत क्लिंच नदीच्या एका उपनदीत टँकर उलटून रसायन सांडलं आणि सुमारे ७,००० शिंपले मेले; तिथे कारण उघड होतं. त्याच नदीत २०१६ पासून फेझंटशेल हा एकच शिंपला मोठ्या संख्येने मरू लागला आणि तपासात एका विषाणूशी त्याचा संबंध दिसला. एकच प्रजाती मरते आहे की सगळ्याच, यावरून तपासाची दिशा ठरते. अर्धमेले शिंपले दुसरीकडे नेऊन सोडू नका, रोग असेल तर तो तुमच्याच हाताने पसरेल.

२१. फळ किती वर्षांत दिसतं?

काही शिंपले दोन-तीन वर्षांत वयात येतात, मार्गारिटिफेरा मार्गारिटिफेराला दहा-पंधरा वर्षं लागतात. त्यात खडीत दडून काढलेली वर्षं धरा. म्हणजे आज गाळ थांबवला तरी पुढची पिढी डोळ्यांना दिसायला बराच काळ जाईल. दोन-तीन वर्षांच्या निधीवर चालणारे प्रकल्प इथेच फसतात: अहवालाच्या वेळी दाखवण्यासारखं काही नसतं, म्हणून मग प्रौढ आणून सोडले जातात आणि त्यांची संख्या यश म्हणून लिहिली जाते. निधी देणाऱ्यांशी बोलताना मधले टप्पे ठरवून घ्या. खडीतला प्राणवायू वाढला का, लहान यजमान मासे दरवर्षी मिळतात का, त्यांच्या कल्ल्यांवर अळ्या आहेत का, पेटीतली पिल्लं जगली का.

उशीर परवडणारा नाही हेही खरं. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेने नामशेष म्हणून संरक्षित यादीतून काढलेल्या २१ प्रजातींपैकी ८ शिंपले होते.

२२. मी नदीकाठी राहतो, तज्ज्ञ नाही. मला काय करता येईल?

काठची झाडी तोडू नका, पात्रातली वाळू-खडी उपसू देऊ नका, दगडांचे बांध घालून खेळताना तळ उलथू नका. पाणी आटलं की त्याच जागेचे दरवर्षी फोटो काढा. गाळ वाढतो आहे का हे त्यांतून कळतं. जिवंत शिंपला हातात आला तर जिथे होता तिथेच, जसा अर्धा रुतलेला होता तसाच परत ठेवा. मोत्यासाठी उघडू नका: बहुतेकांत मोती नसतोच आणि उघडलेला शिंपला जगत नाही. ब्रिटनमध्ये तर १९९८ पासून मोत्यांच्या शिंपल्याला हात लावणंही गुन्हा आहे. आणि नदीत यंत्र उतरवून पात्र सरळ किंवा खोल करण्याचं काम निघालं, तर ते सुरू होण्याआधी तिथल्या तळात शिंपले आहेत का ते पाहिलं का, असं लेखी विचारा.